खेळ संपल्यानंतरची भूमिती : प्रस्तावना

मनुष्याने ज्या वस्तूंच्या मापावजनांविषयी अत्यंत काटेकोर कायदे करून ठेवले आहेत त्यांची यादी करावयास घेतली, तर सोन्याचांदीच्या वजनमापांच्या खालोखाल क्रीडासाहित्याचाच क्रम लावावा लागेल. हॉकीची स्टिक ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार गेली पाहिजे आणि तिचे वजन ७३७ ग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. क्रिकेटची बॅट ३८ इंचांहून लांब किंवा सव्वाचार इंचांहून रुंद चालत नाही. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि २.७ ग्रॅम वजनाचा असावा, बॅडमिंटनच्या फुलाला १६ पिसे असावीत, असे एकेका जिनसाचे तपशील त्या त्या खेळाच्या नियामक मंडळांच्या दप्तरी नोंदलेले आहेत. दोन्ही पक्षांच्या हाती समान साधन असावे आणि जयापजयाचा निर्णय केवळ कौशल्यावर व्हावा, एवढाच हे नियम करणाऱ्यांचा हेतू होता. परंतु या न्यायबुद्धीतून त्यांच्या मनीध्यानी नसलेले एक फलित निष्पन्न झाले. जगभरच्या कारखान्यांतून लाखोंच्या संख्येने अशा वस्तू बाहेर पडू लागल्या, की ज्या आकाराने परस्परांशी जवळजवळ जुळतात, ज्या ताण, आघात आणि पीळ सोसण्यासाठीच घडविलेल्या असतात, आणि खेळाच्या दृष्टीने रद्दबातल ठरल्यानंतरही ज्या वस्तू म्हणून बहुधा धडधाकटच राहतात. भौमितिक शिल्पाची रचना करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. कारण समान घटकांची नियमबद्ध पुनरावृत्ती हाच त्याच्या कलेचा पाया आहे.

प्रस्तुत ग्रंथ वापरातून उतरलेल्या क्रीडासाहित्यापासून मोठी भौमितिक शिल्पे उभारण्याच्या विद्येविषयी आहे. 'विद्या' असे मी जाणीवपूर्वक म्हणतो. अडगळीच्या खोलीतील चार रॅकेटी एकमेकींना बांधून भिंतीवर टांगणे हा छंद झाला. ज्या रचनेत प्रत्येक घटक इतर घटकांच्या आधाराने उभा राहतो, ज्यातला एक सांधा ढिला पडला तर संपूर्ण आकृती कलते, आणि जिच्यापुढे उभे राहिलेल्या माणसाला आधी आकृती दिसते व मग क्षणभराने ती कशाची केलेली आहे हे उमगते, अशी रचना सिद्ध करण्यासाठी गणित, सुतारकाम, पदार्थांचे ज्ञान आणि पुष्कळ माणसांचा एकमेळ यांची सारखीच गरज लागते. या विषयावर आपल्या भाषेत स्वतंत्र लेखन अद्याप माझ्या पाहण्यात आलेले नाही. म्हणून नवख्या वाचकाला या प्रांताची सीमा, त्यातील वाटा आणि त्या वाटांनी आजवर कोण कोण गेले याची कल्पना द्यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना काहीशी विस्ताराने लिहीत आहे.

साहित्याची समानता हा या विद्येचा केवढा मोठा आधार आहे, हे आपल्याकडील तालमींच्या उदाहरणाने चटकन ध्यानात येईल. तालमीतील मुद्गल आणि जोडी ही फिरविणाऱ्याच्या ताकदीप्रमाणे लाकूड कातून घडविली जात. वस्तादाच्या नजरेने त्यांचे वजन ठरे, आणि पहिलवान जसजसा तयार होई तसतशी भारी जोडी त्याच्या हाती येई. त्या वस्तूंना आपले असे व्यक्तिमत्त्व होते, आणि म्हणूनच त्या एकमेकींच्या जागी बसू शकत नसत. आधुनिक क्रीडासाहित्याने हे व्यक्तिमत्त्व बरेचसे गमावले. पण त्या मोबदल्यात त्याला विनिमयक्षमता लाभली. तिसाव्या स्टिकच्या जागी एकतिसावी ठेवली तरी आकृतीत फरक पडत नाही, हा गुण शिल्पकाराच्या दृष्टीने अमोल आहे.

या विषयाचा जन्म दोन कुळांच्या संबंधातून झाला, आणि ती दोन्ही कुळे परस्परांना फार उशिरा भेटली. पहिले कूळ भूमितीचे. युक्लिडच्या 'मूलतत्त्वां'चा तेरावा आणि अखेरचा खंड पाच सुसम घनाकृतींच्या रचनेला वाहिलेला आहे. आर्किमिडीजने त्यांच्या पुढे जाऊन एकाहून अधिक प्रकारचे सुसम बहुकोन एकत्र नांदविणाऱ्या तेरा आकृती सांगितल्या, पण त्याचे मूळ लेखन लुप्त झाले आणि त्याची वार्ता आपल्यापर्यंत पॅपस या नंतरच्या ग्रीक गणितज्ञाच्या द्वारे आली. शिल्पाच्या दृष्टीने निर्णायक पाऊल मात्र इटलीत पडले. लुका पाचोली या गणिती संन्याशाचा दैवी प्रमाणावरील ग्रंथ १५०९ साली व्हेनिस येथे मुद्रित झाला, आणि त्यासाठी घनाकृतींची चित्रे लिओनार्दो दा विंचीने काढली होती. त्या चित्रांतील नावीन्य असे, की एकेक आकृती भरीव स्वरूपात दाखवून झाल्यावर लिओनार्दोने तीच पुन्हा पोकळ सांगाड्याच्या रूपात दाखविली: पृष्ठे काढून टाकली, नुसत्या कडा ठेवल्या, आणि पुढच्या कडांमधून मागच्या कडा दिसू लागल्या. घनाकृती ही कांबींची रचना होऊ शकते ही दृष्टी या चित्रांनी दिली. आज हॉकीच्या स्टिका जोडून गोल उभा करणारा प्रत्येक कारागीर त्या दृष्टीचाच वारस आहे. त्याच चित्रमालेत १२ पंचकोन आणि २० षटकोन यांची ती आकृतीही आहे, जी १९७० च्या मेक्सिकोतील विश्वचषकात काळ्या-पांढऱ्या फुटबॉलच्या रूपाने जगभर घरोघरी पोहोचली, आणि १९८५ साली ६० अणूंच्या कार्बन-रेणूच्या रूपाने रसायनशास्त्रज्ञांच्या हाती लागली. ज्यांच्या शोधाला १९९६ सालचे नोबेल मिळाले त्या शास्त्रज्ञांनी या रेणूला बकमिन्स्टर फुलर या स्थापत्यविशारदाचे नाव दिले, हेही येथे नमूद करावेसे वाटते; कारण १९६७ च्या मॉन्ट्रिआल प्रदर्शनातील त्याच्या प्रचंड गोलघुमटाने भौमितिक सांगाड्याला नगराच्या परिमाणाची प्रतिष्ठा मिळवून दिली.

विसाव्या शतकात या कुळाच्या तीन शाखा स्पष्टपणे वेगळ्या दिसू लागतात. एक ताणाची. अमेरिकन शिल्पकार केनेथ स्नेलसन याने १९४८ साली, विद्यार्थिदशेतच, असा शोध लावला की दाब सोसणारे दांडे परस्परांना मुळीच न टेकता केवळ ताणलेल्या तारांच्या जाळ्यात अधांतरी स्थिर राहू शकतात. वॉशिंग्टनमधील हिर्शहॉर्न संग्रहालयाच्या आवारातला १९६८ सालचा त्याचा सुमारे ६० फुटी मनोरा पाहताना नळ्या हवेत ठेवून दिल्यासारख्या भासतात. या तत्त्वाचे श्रेय स्नेलसनचे की त्याचा शिक्षक असलेल्या फुलरचे, यावर पुढे बराच वाद झाला. शिल्पांचा पुरावा पाहता माझा कौल स्नेलसनच्या बाजूने आहे. दुसरी शाखा गुंफणीची. ॲलन होल्डनने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सुसम बहुकोनांच्या चौकटी एकमेकींत न तुटता कशा ओवता येतात याचा शिस्तशीर तपास केला: चार त्रिकोण, सहा चौरस, सहा पंचकोन, दहा त्रिकोण. तिसरी शाखा समूहरचनेची, आणि तिचा प्रमुख आचार्य म्हणजे जॉर्ज हार्ट. मूळचा गणिताचा आणि संगणकशास्त्राचा हा अभ्यासक फ्लॉपी, सीडी, पेन्सिली, प्लॅस्टिकचे काटे-चमचे अशा मामुली वस्तूंपासून अत्यंत गहन सममितीची शिल्पे रचतो, आणि पुष्कळदा त्यांची जुळणी विद्यार्थ्यांच्या व नागरिकांच्या हातून करवून घेतो. न्यूयॉर्कमध्ये २०१२ च्या डिसेंबरात उघडलेल्या गणित-संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी तो एक होता. १९९८ साली रेझा सरहंगी यांनी कॅन्ससमधील विनफील्ड येथे गणित आणि कला यांच्या सेतुबंधाची जी वार्षिक परिषद सुरू केली, तिच्यामुळे हे सगळे एकांडे साधक एका छपराखाली आले.

दुसरे कूळ आयत्या वस्तूंचे. १९१३ साली मार्सेल द्युशाँने स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सायकलचे चाक उलटे बसविले आणि कलेच्या व्याख्येलाच हात घातला. १९४२ साली पिकासोने सायकलचे सीट आणि हँडल एवढ्या दोनच वस्तूंतून बैलाचे मस्तक निर्माण केले. एकाने विचाराला धक्का दिला, दुसऱ्याने सादृश्याचा चमत्कार दाखविला. क्रीडासाहित्याच्या बाबतीत मात्र सर्वांत सखोल काम कॅनडातील ब्रायन जंगेन या शिल्पकाराचे आहे असे माझे मत आहे. मूळनिवासी डेन-झा वंशाच्या या कलावंताने १९९८ पासून काही वर्षे बास्केटबॉलचे महागडे बूट उसवून, त्यांची कातडी पुन्हा शिवून, उत्तर अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील मूळनिवासींच्या मुखवट्यांची आठवण करून देणारी रूपे घडविली, आणि पुढे गोल्फच्या पिशव्यांपासून उंच कुलस्तंभ उभे केले. बाजाराने ज्या वस्तूला पूज्य केले तिच्यातूनच लुटल्या गेलेल्या संस्कृतीचे पूज्य रूप परत उभे करणे, ही कल्पना जितकी धारदार तितकीच तिची कारागिरीही निर्दोष आहे. क्लेस ओल्डनबर्गची वाट याच्या अगदी उलट. त्याने खऱ्या साहित्याला स्पर्शच केला नाही. शिकागोत १९७७ साली सुमारे १०० फूट उंचीची पोलादी जाळीची बेसबॉलची बॅट आणि कूस्ये व्हान ब्रुगेनच्या सहकार्याने १९९४ साली कॅन्सस सिटीच्या संग्रहालयाच्या हिरवळीवर बॅडमिंटनची चार अवाढव्य फुले उभी केली. वस्तू प्रचंड झाल्या. त्यांच्यातून नवी रचना मात्र जन्माला आली नाही. या ग्रंथाच्या विषयाशी ओल्डनबर्गचे नाते म्हणूनच दूरचे आहे.

भारतात या दोन कुळांचा संबंध आपल्या रीतीने जुळला. चंदीगडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील रस्ता निरीक्षक नेक चंद याने १९५७ च्या सुमारास सरकारी जंगलाच्या हद्दीत, कोणाचीही परवानगी न घेता, पाडलेल्या गावांच्या आणि फुटक्या भांड्यांच्या अवशेषांतून एक अद्भुत नगरी रचावयास घेतली. १९७५ मध्ये ती अधिकाऱ्यांच्या दृष्टीस पडली, आणि पाडण्याच्या हुकमाऐवजी पुढल्याच वर्षी ती जनतेसाठी खुली झाली. नेक चंदच्या रचनेत भूमिती गौण आहे, पण टाकाऊ वस्तूविषयीचा आदर तिच्या दगडादगडात आहे. भूमितीची बाजू महाराष्ट्रात सांभाळली गेली ती पुण्यात. आयुका या खगोलशास्त्र संशोधन केंद्राच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे जे कार्य केले ते खेळण्यांच्या नावाखाली चाललेले रचनाशास्त्राचेच शिक्षण होते. काड्यापेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे इंचभर तुकडे एवढ्या भांडवलावर मुलगा त्रिकोण करतो, तो हलत नाही असे पाहतो. चौरस करतो, तो लगेच तिरपा होतो. मग त्रिकोणांचा चतुष्फलक, त्यापुढे विंशफलक. जे सूत्र जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६४ साली मांडले ते त्या मुलाच्या बोटांना आधी कळते. ते सूत्र असे: सांध्यांच्या संख्येची तिप्पट करून तीतून सहा वजा केले असता जी संख्या येते, निदान तितक्या कांबी असल्याखेरीज सांगाडा आपल्या बळावर ताठ उभा राहत नाही. विंशफलकाला १२ सांधे, म्हणजे ३० कांबी हव्यात, आणि त्याच्या कडा बरोबर ३० भरतात. घनाला १८ हव्यात, असतात १२. फुटबॉलच्या आकृतीला ६० सांध्यांसाठी १७४ हव्यात, असतात अवघ्या ९०. काडीचा फुटबॉल हातात घेताच का लोळागोळा होतो, याचे उत्तर या हिशेबात आहे.

कांबी कमी पडत असतील तर शिल्पकाराने काय करावे? येथे या विद्येतील निरनिराळ्या संप्रदायांचे मतभेद सुरू होतात. काहींच्या मते प्रत्येक शिरोबिंदूवर धातूचा भक्कम जोड बसवावा. याने आकृती शुद्ध राहते, पण सर्व बळ जोडात एकवटते आणि क्रीडासाहित्य केवळ भरताड होऊन बसते. दुसऱ्या पक्षाची रीत मला अधिक प्रिय आहे, आणि ग्रंथकारांचाही कल तिकडेच आहे. तीत शिरोबिंदू असा उरतच नाही. प्रत्येक कांब आपल्या मध्यबिंदूभोवती किंचित वळवून पुढे सरकविली, की तिचे टोक शेजारच्या कांबीच्या अंगावर टेकते आणि तिच्या अंगावर तिसऱ्या कांबीचे टोक येऊन टेकते. जेथे बिंदू होता तेथे कांबींचा एक लहानसा भोवरा तयार होतो. जो आधार देतो तोच दुसऱ्याचा आधार घेतो. अशा परस्पराश्रित रचनांची रेखाटने लिओनार्दोच्या टिपणवह्यांतही आहेत. विंशफलकाच्या ३० कांबींतून याप्रमाणे १२ पंचकोनी भोवरे आणि ६० स्पर्शस्थाने निर्माण होतात. फुटबॉलच्या ९० कांबींतून ६० त्रिकोणी भोवरे आणि १८० स्पर्शस्थाने. ज्या फुटबॉलला मॅक्सवेलच्या हिशेबाने उभे राहण्याचा अधिकार नव्हता, तो आता उभा राहतो; कारण एका कांबीला दोन टोकांऐवजी चार जागी पकड मिळते.

ग्रंथाच्या केंद्रस्थानी ज्या शिल्पाचा आराखडा आहे तो हॉकीच्या जुन्या स्टिकांचा असून त्याची आकृती हीच, फुटबॉलची आहे. त्याचा एक भाग मी येथे जरा बारकाईने उलगडणार आहे, कारण साहित्याच्या अंगचा नियम आकृतीला कसा वळण लावतो हे इतक्या स्वच्छपणे अन्यत्र क्वचित दिसते. फुटबॉलच्या ९० कडा एकाच जातीच्या नाहीत. त्यांपैकी ६० पंचकोन आणि षटकोन यांच्या सीमेवर आहेत, आणि ३० दोन षटकोनांच्या मध्ये. या ३० कडांचा गुण असा, की संपूर्ण गोल योग्य अक्षाभोवती अर्धा फिरविला असता ती कड आपल्याच जागी, पण टोकांची अदलाबदल होऊन परत येते. म्हणून तेथे बसवावयाची वस्तू दोन्ही टोकांनी सारखी असली पाहिजे. हॉकीच्या स्टिकला एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला हूक. ती त्या जागी बसविली की सममिती भंगली. उलट पंचकोनांभोवतीच्या ६० कडांना असा एकही फेरा स्वतःवर उलटवीत नाही, आणि तेथे स्टिक निःशंकपणे बसते: बारा पंचकोन, प्रत्येकाभोवती पाच स्टिका, एकीचा हूक दुसरीच्या मुठीमागे लागलेला. मग उरलेल्या ३० जागी उंच उडीच्या जुन्या आडव्या कांबींचे सारख्या मापाने कापलेले तुकडे योजले आहेत. ग्रंथकारांनी ही विभागणी शोभेसाठी केलेली नाही. स्टिकच्या आकारानेच ती त्यांच्याकडून करवून घेतली.

इतकेच नव्हे. हॉकीत डावखुऱ्या खेळाडूसाठी निराळी स्टिक नाही. सपाट बाजू एकच, आणि चेंडू तिनेच खेळावयाचा. सपाट बाजू आपल्याकडे आणि मूठ वर धरून पाहिले तर जगातील कोणत्याही नियमाप्रमाणे घडविलेल्या स्टिकचा हूक डावीकडेच वळलेला आढळेल. परिणामी अशा शिल्पाला आरशातली जोडीदार आकृती मिळणे अशक्य. त्याच्या सममितीत फिरणे आहे, प्रतिबिंब नाही. सर्व सपाट बाजू बाहेरच्या अंगाला ठेवून, मुठीकडून हुकाकडे जाताना स्टिका घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने लावल्या तर साठही हूक पंचकोनांच्या आत वळतात आणि बारा ठिकाणी दाट फुलोरा दिसतो. उलट दिशेने लावल्या तर ते षटकोनांच्या मोकळ्या अवकाशात शिरतात आणि गोल सर्वत्र सारखा भरलेला वाटतो. दोन्ही रचना निर्दोष आहेत. मला पहिली आवडते. प्रौढांच्या नेहमीच्या स्टिकची लांबी ३६.५ इंच, म्हणजे सुमारे ९३ सेंटिमीटर. ओलांडणीसाठी टोके सोडून ८० सेंटिमीटर हिशेबात धरली तर गोलाचा व्यास सुमारे ४ मीटर भरतो. नियमातील कमाल वजन धरूनही साठ स्टिका ४५ किलोंच्या आतच राहतात. एवढी विशाल वस्तू इतकी हलकी असू शकते, याचे आश्चर्य आकडे माहीत असूनही ओसरत नाही.

आता पदार्थाविषयी. हॉकीची लाकडी स्टिक तुतीच्या लाकडाची. फाळणीनंतर सियालकोटचे जे कारागीर जालंधर आणि मेरठ येथे येऊन स्थायिक झाले, त्यांनी आपल्या देशातील या धंद्याची घडी बसविली. टेनिसच्या रॅकेटीही दीर्घकाळ लाकडीच होत्या. विम्बल्डनच्या हिरवळीवर लाकडी रॅकेट शेवटची दिसली ती १९८७ साली. क्रिकेटने मात्र लाकडाची कास सोडली नाही: १९७९ च्या डिसेंबरात पर्थ येथे डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला तेव्हा जो गदारोळ झाला, त्यानंतर बॅटीचे पाते लाकडाचेच असावे असा नियमच करण्यात आला. इतर बहुतेक खेळांत काच, कार्बन आणि ॲरामिड यांचे तंतू राळेत बसवून केलेल्या संयुक्त साहित्याने लाकडाची जागा घेतली आहे. हे साहित्य बळकट आणि हलके असते, पण त्यातील राळ एकदा घट्ट झाली की पुन्हा वितळत नाही. लाकडी स्टिक मोडली तर चुलीत जाई किंवा मातीत मिसळे. संयुक्त स्टिकला या दोन्ही वाटा बंद आहेत. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडाकक्षांत, मंडळांच्या कोठारांत आणि भंगारवाल्यांच्या दुकानांत तिची रास साचत चालली आहे.

अशा शिल्पांनी कचऱ्याचा प्रश्न सुटतो असा दावा ग्रंथकारांनी केलेला नाही, आणि मीही करणार नाही; साठ स्टिका त्या राशीच्या हिशेबात नगण्य आहेत. आज या विद्येचे महत्त्व मला निराळ्या ठिकाणी दिसते. आपल्या शाळांत भूमितीचा तास आणि खेळाचा तास यांच्यामध्ये जी भिंत आहे ती दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांचे नुकसान करते. ज्याला मैदानावर चेंडूची दिशा क्षणार्धात कळते त्याला वर्गात कोन कळत नाही असे ठरविले जाते, आणि ज्याला प्रमेय पाठ आहे त्याने हातात स्क्रू-ड्रायव्हर धरावा असे कोणी म्हणत नाही. गोल उभारावयाच्या दिवशी मात्र ही दोन्ही मुले एकाच शिडीच्या दोन बाजूंना उभी असतात. संगणकाच्या पडद्यावर कोणतीही घनाकृती आता बोटाच्या स्पर्शाने फिरविता येते, आणि तिला वजन नसते. म्हणूनच जिला वजन आहे, जी चुकली तर कलते, अशा आकृतीची गरज पूर्वीपेक्षा आज अधिक आहे.

ग्रंथाचा आणखी एक विशेष असा की त्यात हाताच्या कामाला गणिताइतकाच मान दिलेला आहे. टेनिसच्या रॅकेटीचे धागे कापण्याचे प्रकरण पाहावे. पंचवीस किलोंच्या आसपास ताणलेले ते धागे कडेपासून एकामागून एक कापत गेले, तर चौकटीवरचा ताण एका बाजूला मोकळा आणि दुसऱ्या बाजूला कायम राहून ती वाकडी होते. म्हणून कापणी मध्यापासून सुरू करून आडवा-उभा असा क्रम ठेवीत झपाट्याने बाहेर जावे लागते. जुनी लाकडी रॅकेट तर इतकी नाजूक, की तिचे धनी ती चार स्क्रूंच्या लाकडी दाबचौकटीत आवळून ठेवीत. अशी दाबचौकट रॅकेटीबरोबर मिळाली तर ती फेकू नये, असे ग्रंथकार बजावतात. संयुक्त साहित्याला भोक पाडताना उडणारी भुकटी त्वचेला आणि फुप्फुसाला अपायकारक असते, तेव्हा मुखपट्टी बांधून, पाण्याची धार सोडून काम करावे. कार्बनतंतूतून वीज वाहते. त्याला ॲल्युमिनियमचा जोड थेट लावून शिल्प पावसाळी हवेत ठेवले तर ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ले जाते, म्हणून बोल्ट स्टेनलेस स्टीलचे वापरावेत आणि मध्ये रबराची अगर नायलॉनची वेढणी घालावी. हे तपशील अनुभवावाचून लिहिता येत नाहीत.

आरंभी मी ज्या समानतेची थोरवी गायिली तिची मर्यादाही ग्रंथात झाकून ठेवलेली नाही. नियम बहुधा कमाल माप सांगतो. नेमके माप सांगत नाही. दोन कारखान्यांच्या स्टिकांत अर्ध्या इंचाचा फरक सहज असतो, दांड्याचा बाक कमी-अधिक असतो, आणि वापराने हुकाची झीज निरनिराळी झालेली असते. म्हणून जमविलेल्या ढिगातून मोजून, निवडून, लांबी आणि बाक यांप्रमाणे गट पाडणे हे पहिले काम, आणि तेच सर्वांत कंटाळवाणे. ते टाळण्याचा मोह अनेकांना होतो. उघड्या रचनेत मापाची चूक शेवटच्या टोकाशी बाहेर पडते. बंद गोलात तिला बाहेर पडावयास वाट नसते, ती सांध्यासांध्यातून साठत जाते आणि अखेरची स्टिक बसविण्याच्या वेळी सगळी एकदम पुढे येऊन उभी राहते. परस्पराश्रित रचनेत तर शेवटची स्टिक पडेपर्यंत आधीच्या एकूण एक स्टिका तात्पुरत्या दोऱ्यांवर आणि माणसांच्या हातांवरच तोललेल्या असतात. त्या घटकेची तजवीज कशी करावी, कोणी कोठे उभे राहावे, कोणत्या दोऱ्या आधी सोडाव्या, याविषयीचे प्रकरण मला या ग्रंथातील सर्वोत्तम वाटते.

काही विषय ग्रंथाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत आणि ते योग्यच आहे. कायमस्वरूपी उघड्यावर राहावयाच्या शिल्पाचा पाया, वाऱ्याचा दाब आणि सार्वजनिक सुरक्षितता यांचा निर्णय अधिकृत अभियंत्यानेच द्यावा, पुस्तकाने नव्हे. सुरुवात करणाऱ्याने साठ स्टिकांच्या गोलाला एकदम हात घालू नये अशी माझीही सूचना आहे. ग्रंथात १२ स्टिकांची एक रचना दिलेली आहे: प्रत्येकी तीन स्टिकांचे चार त्रिकोण एकमेकांत ओवलेले, सर्व हूक एकाच वळणाचे. ती एका वर्गखोलीत मावते, तिला सहा माणसे पुरतात, आणि तिच्यात सांधे बोल्टांऐवजी सुती दोरीने आवळता येत असल्यामुळे चुकलेला त्रिकोण उलगडून त्याच दुपारी पुन्हा बांधता येतो. स्टिका जमविताना क्रीडाशिक्षकाची आणि मापे घेताना गणिताच्या शिक्षकाची गाठ घ्यावी. आणि दोघांनाही दोरी बांधावयास बोलवावे.